ती आधी काय काम करत होती, ते विचारा

दुपारपासून डोकं ठणकतंय. ओळखीतली एक मुलगी समाजशास्त्रात पीएच.डी. करायची म्हणतेय. विषय निवडलाय पुण्याच्या बुधवार पेठेतल्या घरांत आणि हायवेच्या लॉजवर धंदा करणाऱ्या बायकांच्या कामाची तुलना. समितीतले एक सर म्हणाले, "त्यात तुलना कसली? सगळ्या फसवून आणलेल्या." वर आणखी, "चांगल्या घरच्या मुलीला दुसरा विषय मिळाला नाही?" पोरगी फोनवर रडत होती.

तुलना कसली म्हणे! कोलकात्याच्या सोनागाछी या धंद्याच्या वस्तीवरचं अभ्यासक प्रभा कोटिस्वरन यांचं काम तरी चाळायचं. तिथे कर्जात अडकलेली 'छुकरी' वेगळी, मालकिणीला अर्धी कमाई देणारी 'अधिया' वेगळी आणि खोलीचं भाडं भरून आपल्या मर्जीनं काम करणारी वेगळी. तिघींना एकच माप लावणार?

काही वर्षांपूर्वी मुलाखती घ्यायला मी सांगलीच्या गोकुळनगरात, तिथल्या धंद्याच्या वस्तीत, जात होते. तांदूळ निवडत बसलेल्या एका बाईंना विचारलं, इथे कशा आलात? त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "ताई, हितं कशी आलीस त्ये समदी इचारत्यात. आदी काय करत हुतीस, त्ये कुणी इचारत न्हाई." मग मी तेच विचारलं. आधी खुरपणी, मग बांधकाम. मुकादम मजुरी बुडवायचा आणि अंगचटीलाही यायचा. "तितं बी त्येच, पर पैसं न्हाईत."

हे एकट्या त्यांचं नाही. रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर या संशोधकांनी 14 राज्यांतल्या धंदा करणाऱ्या 3000 बायकांचं सर्वेक्षण केलं, 2011 मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले. त्यातही कितीतरी जणी आधी धुणीभांडी, मजुरी अशी तुटपुंज्या पगाराची कामं करून आलेल्या. अभ्यासक स्वाती शहांनी तर मुंबईत मजुरांच्या नाक्यावरच हा धंदा चालताना पाहिला. रोजंदारीची वाट बघत उभ्या असलेल्या बायकांमध्ये मजुरी आणि धंदा दोन्ही करणाऱ्या असतात. अशा बाईला कुठल्या खणात टाकणार, सर?

हो, फसवून, विकून आणलेल्या पोरी आहेत. अल्पवयीनही आहेत. त्यांना सोडवायलाच हवं, त्यावर माझा वाद नाही. पण तेवढं बोलून बाकीच्या सगळ्यांचं तोंड बंद करायचं, हे मला चालणार नाही.

मुकादमाचं सांगताना त्या बाईंचा आवाज जराही बदलला नव्हता. आज तेच आठवत राहिलंय. याच सांगलीत 1996 पासून धंदा करणाऱ्या बायकांची स्वतःची संघटना आहे, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. मीना शेषूंच्या 'संग्राम' संस्थेबरोबर काम करताकरता ती उभी राहिली. या बायका स्वतःबद्दल बोलू शकतात. ऐकणारे हवेत, आणि तिथे जाणाऱ्या मुलीला आपण हाकलतोय.

सर्वोच्च न्यायालयानं 19 मे 2022 ला पोलिसांना सांगितलं की या बायकांना सन्मानानं वागवा, शिवीगाळ, मारहाण करू नका. ठीक. पण 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यातलं कलम 4 आहेच. अठरा वर्षांवरचं माणूस जाणूनबुजून बाईच्या या कमाईवर जगत असेल, तर तो गुन्हा. म्हणजे अशा बाईच्या पैशावर कॉलेजात जाणारा मुलगा आणि तिच्याकडेच राहणारी म्हातारी आई, दोघंही आरोपी होऊ शकतात. घर चालवायला घेतलेल्या पैशातला कुठला रुपया गुन्ह्याचा, हे कुणी ठरवायचं?