फुकटची दारू, चाळीस गडी आणि कलकत्त्याचा रग्बी क्लब : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कलकत्ता फुटबॉल क्लबावरील (नाव फुटबॉलचे, खेळ मात्र रग्बीचा) माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. क्लबातली फुकटची दारू बंद झाली आणि सभासद पांगले, ही सर्वश्रुत हकिकत मी एका वाक्यात उरकली, हा पहिला. एकही भारतीय खेळाडू नसलेल्या, जेमतेम पाच वर्षे टिकलेल्या साहेबी क्लबापासून भारतातील रग्बीचा इतिहास सुरू करणे चुकीचे आहे, हा दुसरा.

दारूची हकिकत मी नाकारत नाही; ती बंद झाल्यावर सभासदसंख्या घटली, हे खरेच आहे. परंतु क्लब तेवढ्यानेच बुडाला असे म्हणण्यापूर्वी मैदानावर किती माणसे लागत होती ते पाहावे. 25 डिसेंबर 1872 रोजी कलकत्त्यात जो सामना झाला, त्यात एका बाजूला इंग्लंडचे वीस आणि दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्सचे मिळून वीस खेळाडू होते. त्याच उत्साहात जानेवारी 1873 मध्ये क्लब स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तो लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनचा, म्हणजे इंग्लंडमधील रग्बीच्या मध्यवर्ती संस्थेचा, सभासदही झाला. म्हणजे धड एक सामना लावायचा तर चाळीस धडधाकट गडी हवेत, आणि तेही बदलीच्या नोकरीतले. अशा शहरातून एक गोरी पलटण हलली की अर्धा संघच आगगाडीत बसून जातो. कलकत्त्यात नेमके तेच झाले. त्यातच पोलो आणि तेव्हा नव्यानेच निघालेले लॉन टेनिस हे खेळ तिथल्या हवेला अधिक मानवत होते; शिवाय टेनिसला दोघे किंवा चौघे पुरतात. फुकटच्या पेल्यासाठी येणारे गेले हे ठीक, पण खेळणारेच उरले नाहीत, हे माझ्या मते मुख्य कारण आहे.

दारूने क्लब धुऊन निघाला असता तर शेवटी पेढीवर शिल्लक राहिली नसती. ती होती, आणि पदाधिकाऱ्यांपैकी जी. ए. जेम्स रॉथनी यांच्या पुढाकाराने तिचे काय झाले, हा या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. सभासदांनी पैसे वाटून घेतले नाहीत की निरोपाच्या मेजवानीत उडवले नाहीत. चांदीचे 270 रुपये काढून वितळवले आणि त्यांचा चषक घडवून घेतला. त्या काळचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 270 तोळे, आजच्या हिशेबाने तीन किलोंहून थोडी अधिक चांदी झाली. चषकाच्या तीन मुठी म्हणजे तीन नाग आहेत आणि झाकणावर हत्ती उभा आहे. हा चषक युनियनला देताना, इंग्लंडमधील क्लबांनी त्यासाठी बाद पद्धतीची स्पर्धा खेळावी, अशी देणाऱ्यांची इच्छा होती. परंतु चुरस वाढली की हौशी बाणा बिघडतो, या समजुतीने युनियनने ती मानली नाही. (हौशीपणाचा हा सोवळेपणा पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला.) चषक मग इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या वार्षिक सामन्याला लागला. 1879 साली एडिंबरो येथे झालेला पहिला सामना बरोबरीत सुटला, आणि आजही हे दोन देश 'कलकत्ता चषका'साठीच झुंजतात.

दुसऱ्या आक्षेपातील वस्तुस्थिती मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. त्या क्लबात भारतीयांना शिरकाव नव्हता. 1875 साली स्थापन झालेल्या आपल्या मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यातही दीर्घकाळ तीच तऱ्हा होती. बंगाली तरुणांनी साहेबांना गाठले ते दुसऱ्या खेळात, फुटबॉलमध्ये : 1911 मध्ये कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली. रग्बी मात्र 1884 मध्ये कलकत्त्यात पुन्हा सुरू होऊनही साहेबांच्या कुंपणाआडच राहिली, आणि भारताचा संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो थेट 1998 मध्ये, सिंगापूरविरुद्ध. इतिहास 1998 पासून सुरू केला तर हा सव्वाशे वर्षांचा उशीर कुणामुळे झाला, हा प्रश्नच वाचकापुढे येत नाही. म्हणून लेखाचा आरंभ मी 1872 वरच ठेवत आहे.