शाल नको, विमा द्या: गावातल्या सेवाकरी म्हाताऱ्यांचं कोण बोलणार?

1 ऑक्टोबर, म्हणजे ज्येष्ठ नागरिक दिन आला की आमच्या आर्वी तालुक्यात ज्येष्ठ नागरिकांच्या संघांना जाग येते. पंच्याहत्तरी गाठलेल्यांना शाल-नारळ, पाहुण्यांचं भाषण, आलुपोहा, चहा आणि फोटो. फोटो ग्रुपवर पडला की वर्षभराची निश्चिंती. शालीशी माझं वाकडं नाही, थंडीत कामाला येते. पण याच संघांतली दोन-चार माणसं उरलेले 364 दिवस गावासाठी राबतात. त्यांच्याबद्दल ना ठराव होतो, ना निवेदन जातं. म्हणून आज जरा लांबण लावते, वाचा.

मी आरोग्य सेविका होते. निवृत्त झाले तरी गावात 'सिस्टर'च आहे, त्यामुळं कोण कोणाचं काय करतं ते दिसतं. आमच्याकडं एक बाप्पा आहेत, वय 63. श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनचे पैसे जमा झाले की ग्राहक सेवा केंद्रासमोर म्हाताऱ्यांची रांग लागते आणि बाप्पा तिथं सकाळपासून हजर. उभा जन्म कापूस वेचण्यात आणि निंदणात गेलेल्या बायांच्या बोटांवर रेषाच राहिलेल्या नसतात. मशीन अंगठा घेत नाही. केंद्रावरचा पोरगा म्हणतो, "आजी, उद्या ये." आजी पायी आलेली असते.

बाप्पा तिला बाजूला बसवतात. "माय, पह्यले पानी पे. घाई कायची हाय?" मग दुपट्ट्याचं टोक ओलं करून अंगठा पुसायचा, कोरडा करायचा, एकदा कपाळावरून फिरवायचा म्हणजे जरा तेल लागतं, आणि मग मशीनवर सरळ दाबून धरायचा. अंगठा नाही तर मधलं बोट, मधलं नाही तर डावा हात. कधी तिसऱ्या खेपेला लागतो, कधी लागतच नाही. लागला की बाप्पा पैसे तिच्यासमोर दोनदा मोजून पदराच्या गाठीत बांधायला लावतात आणि "कोनाले सांगू नको किती भेटले ते" म्हणून बजावतात. हे काम कोणत्याही सरकारी कागदावर नाही.

हेच बाप्पा घरी कोणी नसलेल्या रोग्याला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन जातात. केसपेपर, रक्ताची चिठ्ठी, औषधाची खिडकी, सगळं त्यांना पाठ आहे. एसटीत 75 नंतर फुकट, 65 ते 75 ला अर्धं तिकीट, बायांना कोणत्याही वयात अर्धं. बाप्पा 63 चे आणि पुरुष, म्हणून दुसऱ्याच्या दुखण्यासाठी स्वतःच्या खिशातून पूर्ण तिकीट काढून जातात. मागच्या पावसाळ्यात एका आजीला गाडीत चढवताना पायरीवरून घसरले, मनगट मोडलं. प्लास्टरचा खर्च पोरानं केला, सोयाबीनच्या फवारणीचे पैसे त्यात गेले. सून बोलली, आणि तिचं काही चुकलं नाही. ते ज्या संघाचे सभासद आहेत तिथं मी विषय काढला. उत्तर मिळालं, "सिस्टर, आपल्याकडे तशी तरतूद नाही." 1 ऑक्टोबरला शाली मात्र वाटल्या.

तरतूद नाही हे खरंच आहे. गावच्या संघाकडं असून असून असणार किती? म्हणून माझं म्हणणं असं की ही तरतूद गावात होणारच नाही, ती वरूनच व्हावी लागेल. आणि वर आपलं म्हणणं पोचायचं तर गावचे संघ सुटे राहून भागणार नाही.

अमेरिकेचं उदाहरण देते, नाकं मुरडू नका. तिकडं म्हाताऱ्यांच्या सेवेचे तीन मोठे कार्यक्रम सरकारी पैशावर चालतात. एक 1965 पासूनचा, फॉस्टर ग्रँडपेरेंट. त्यात आजी-आजोबा शाळेत वा पाळणाघरात जाऊन मागं पडलेल्या, अडचणीतल्या मुलांजवळ बसतात. सीनियर कंपॅनियनमध्ये धडधाकट म्हातारा थकलेल्या म्हाताऱ्याच्या घरी जातो, सोबत करतो, दवाखान्यात नेतो. म्हणजे आमचे बाप्पाच. तिसरा आरएसव्हीपी, म्हणजे निवृत्तांचा स्वयंसेवक कार्यक्रम, 1971 चा, त्यात पडेल ती सेवा. वयाची अट 55. पहिल्या दोन्हींत कमी उत्पन्नाच्या माणसाला तासावर छोटा भत्ता मिळतो, पगार नव्हे. पण मी अडकले ती एका साध्या गोष्टीवर: सेवेवर असताना अपघात झाला तर विमा आहे. जाण्यायेण्याच्या खर्चाचीही सोय आहे.

हे तिथल्या सरकारला आपोआप सुचत राहिलं असं समजू नका. हा निधी दर वर्षी संसदेत मंजूर करून घ्यावा लागतो. 2017 पासून सलग काही वर्षं राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्पात हे कार्यक्रम चालवणारी सरकारी संस्थाच बंद करायचा प्रस्ताव होता. संसदेनं तो ऐकला नाही, पैसे चालू ठेवले. गावोगावी हे कार्यक्रम चालवणारे लोक वर्गणी भरून राष्ट्रीय संघटनेचे सभासद होतात, आणि संघटना खासदारांच्या दारात जाऊन सांगते की तुमच्या मतदारसंघात इतके म्हातारे इतके तास काम करतात. आकडा हातात असला की माणूस खुर्ची देतो, हे आमच्या पंचायत समितीतही खरं आहे.

आता आपल्याकडं बघू. संघटना नाहीत असं नाही. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, फेस्कॉम, 1980 पासून आहे. देशपातळीवर राज्याराज्यांचे महासंघ एकत्र आणणारं आयस्कॉन आहे. त्यांनी ज्येष्ठांसाठी भांडून आवाज टिकवला, त्याबद्दल आदरच आहे. पण तिकडून खाली झिरपत येणाऱ्या मागण्या ऐकल्या की हसू येतं. रेल्वेची सवलत 2020 च्या मार्चमध्ये बंद झाली, ती परत द्या. बरोबर आहे, द्यायलाच पाहिजे. पण पुलगाव-आर्वीची आमची शकुंतला रेल्वे बंद पडून जमाना झाला, सवलत घेऊन बसायचं कशात? ठेवीवरच्या व्याजाचा प्रश्न मोठा. ठेव कोणाची? केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत 60 ते 79 वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा महिन्याला 200 रुपये आहे. 2007 साली योजनेला नवीन नाव दिलं तेव्हाही 200 च होते. राज्य भर घालतं म्हणून 1500 हातात पडतात. या 200 वर जितका गदारोळ व्हायला पाहिजे तितका ऐकू येत नाही, कारण बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना स्वतःची पेन्शन आहे. मलाही आहे. म्हणून तर बोलते.

आणि सेवेबद्दल तर चकार शब्द नाही. ज्येष्ठ म्हणजे घेणारा, हे सरकारनं ठरवलं आणि आपणही मान्य करून बसलो. आई-वडिलांच्या पोटगीचा 2007 चा कायदा सगळ्यांना माहीत आहे. त्या कायद्यासोबत केंद्रानं राज्यांसाठी जे आदर्श नियम काढले, त्यांत लिहिलंय की पोलीस ठाण्यानं हद्दीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी ठेवावी आणि शक्यतो स्वयंसेवकांची समिती नेमून त्यांच्याशी संपर्क ठेवावा. एका ठाण्यात मी विचारलं तर साहेब म्हणाले, "अशी काही समिती असते का?" मी एकटी विचारणार, ते हसून चहा पाजणार, मी घरी येणार. तेच पन्नास गावांचे संघ एका लेटरहेडवर विचारतील तर चहावर भागणार नाही.

"वर पैसे पाठवून आमाले काय भेटते?" हा प्रश्न मला दर बैठकीत येतो, आणि तो खोटा नाही. वर्गणी गेली, वर्षाचं एक पत्रक आलं, अधिवेशनात स्टेजवर शहरातले आणि मागच्या खुर्च्यांवर गावातले, असं घडलंय. म्हणून सभासद व्हा म्हणताना माझ्या अटीही सांगते. वर्गणी माणसामागं आणि ऐपतीप्रमाणं असावी, श्रावणबाळवाल्याला 10 रुपयांच्या वर नको. कार्यकारिणीत ज्याला पेन्शन नाही असा शेतकरी किंवा मजूर असलाच पाहिजे, मानाचा सल्लागार म्हणून नव्हे, मत असलेला सदस्य म्हणून. आणि महासंघानं सेवेची वेगळी नोंद ठेवावी: कोण, कोणत्या गावात, काय काम, किती तास. त्या नोंदीच्या जोरावर तीन गोष्टी मागाव्यात, सेवेवर असताना अपघात विमा, एसटीचा पास आणि दवाखान्यात, बँकेत, तहसीलमध्ये चालेल असं ओळखपत्र. ओळखपत्र वाटतं तेवढं किरकोळ नाही. बाप्पांना दवाखान्याच्या दारावर "तुम्ही पेशंटचे कोण?" असं विचारतात तेव्हा ते काय सांगतील?

नोंदणीचं झंझटही वरूनच सुटेल. सात माणसं जमवून संस्था नोंदवता येते, पण पुढं दर वर्षीचा हिशोब, ऑडिट, पदाधिकारी बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. या पायी कितीतरी संघ कागदावर मेले. तालुक्याला एक जाणकार माणूस महासंघानं दिला तरी निम्मं ओझं उतरेल.

आणि एकत्र येणं आमच्या मातीला नवीन आहे, असं कृपा करून कोणी सांगू नये. नदीपलीकडं मोझरी आहे. तुकडोजी महाराजांनी 1935 ला गुरुकुंज उभारला आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा खेड्याखेड्यांत गेल्या. रोज सांजच्याला सामुदायिक प्रार्थना, खंजेरी, हातात झाडू. अंगठेबहाद्दर माणूससुद्धा स्वतःला एका मोठ्या मंडळाचा सेवक समजायचा. आजही पुण्यतिथीला 4 वाजून 58 मिनिटांनी हजारो माणसं जिथल्या तिथं मौन उभी राहतात. ज्या लोकांना हे जमतं त्यांना एक सभासद नोंदवही जमणार नाही?

एक बोच राहून जाते ती बायांची. संघाच्या बैठकीला खुर्च्यांवर सगळे काकाजी, बाया दाराशी. कापसाच्या वेच्याच्या दिवसांत तरण्या आया पहाटे वावरात जातात तेव्हा अंगणवाडी उघडेपर्यंत चार घरची लेकरं एक आजी सांभाळते, नाक पुसते, पोळीचा काला भरवते. अमेरिकेत तिला फॉस्टर ग्रँडपेरेंट म्हणून भत्ता मिळाला असता. इथं तिला संघाचं सभासदत्वसुद्धा कोणी विचारलेलं नाही, कारण नवरा सभासद आहे ना! सेवेची नोंदवही निघाली तर पहिल्या पानावर अशा बायाच येतील, आणि काही काकाजींची पंचाईत होईल. होऊ दे.

आर्वी, आष्टी, कारंजा तालुक्यांत ज्यांच्या गावात संघ आहे, नोंदणी असो-नसो, त्यांनी खाली एवढं लिहा: गाव, साधारण किती माणसं, त्यांतली प्रत्यक्ष सेवा करणारी किती आणि कोणती सेवा. माणसांची नावं नकोत. दिवाळीनंतर आर्वीला एकत्र बसू, फेस्कॉमच्या विभागीय लोकांनाही बोलावू आणि वरच्या अटी त्यांच्यासमोर ठेवू. मान्य झाल्या तर आमच्या गावाची वर्गणी त्याच दिवशी भरू. नाही झाल्या तर का नाही, ते लेखी मागू. बाप्पा येतो म्हणालेत, मनगट अजून नीट वळत नाही पण बोलायला तेच उभे राहणार. तिकिटाचे पैसे या वेळी आम्ही काढतोय.