अमेरिकेतल्या छोट्या गावाचे ‘आपले’ पोलीस : एका लाडक्या दाव्याची तपासणी

समाजमाध्यमांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा : अमेरिकेत हजार-दोन हजार वस्तीच्या गावालाही स्वतःचे पोलीस खाते असते, त्याचा प्रमुख गावकरी मतदानाने निवडतात, म्हणून त्याच्यावर पुढाऱ्यांचा दबाव चालत नाही, तिथला पोलीस गावातल्या प्रत्येकाला नावाने ओळखतो, दंडाचा पैसा गावातच राहतो, त्यामुळे खाबूगिरीला वाव नसतो, नालायक अधिकाऱ्याची वर्दी एकदा उतरली की पुन्हा चढत नाही, आणि संकटात मदत काही मिनिटांत दारात उभी राहते. शेवटी सूचना येते की आपल्याकडेही पोलीस राज्य सरकारकडून काढून नगरपालिकांच्या हाती द्यावेत. यातली काही विधाने अर्धी खरी आहेत आणि काही सरळ चुकीची. मजकूर विश्वासाने पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण त्यावर आधारलेली मागणी गंभीर असल्यामुळे प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिल्या विधानाला आधार आहे. अमेरिकेत कायदा-अंमलबजावणी करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणा सुमारे १८,००० आहेत आणि त्यांपैकी १२,००० हून अधिक ही स्थानिक पोलीस खातीच आहेत. मात्र यावरून ‘प्रत्येक गावाला’ असे म्हणता येत नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अडीच हजारांहून अधिक स्थानिक संस्थांपैकी जवळपास निम्म्यांना स्वतःचे पोलीस नाहीत आणि तिथली गस्त राज्य पोलीसच घालतात. अनेक गावे हे काम आपल्या काउंटीच्या, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या, शेरीफला, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाला, कंत्राटाने देतात.

दुसऱ्या विधानात दोन वेगळ्या पदांची गल्लत झाली आहे. बहुतेक राज्यांत मतदानाने निवडला जातो तो काउंटीचा शेरीफ. गावाच्या पोलीस खात्याचा प्रमुख हा साधारणपणे नेमलेला नोकर असतो आणि त्याला महापौर, नगरपरिषद किंवा परिषदेने ठेवलेला नगर व्यवस्थापक नेमतो व काढतो. लुईझियानातल्या अनेक छोट्या गावांत पोलीस प्रमुखही निवडून येतो, पण तो अपवाद आहे. म्हणजे ज्या पुढाऱ्यांपासून मुक्ती मिळाल्याचा आनंद हा मजकूर साजरा करतो, तेच पुढारी तिथे प्रमुखाचे मालक असतात, आणि ते मंत्रालयात नव्हे तर पुढच्याच गल्लीत राहतात.

या जवळिकीचा परिणाम कॅन्सस राज्यातल्या मॅरियन या सुमारे १,९०० वस्तीच्या गावात दिसला. ११ ऑगस्ट २०२३ रोजी तिथल्या पोलिसांनी ‘मॅरियन काउंटी रेकॉर्ड’ या स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीवर, प्रकाशकाच्या घरावर आणि गावच्या उपमहापौरांच्या घरावरही छापा टाकून संगणक व फोन जप्त केले. निमित्त होते एका स्थानिक व्यावसायिक महिलेच्या वाहनपरवान्याविषयीच्या माहितीचे. शिवाय नव्यानेच आलेल्या पोलीस प्रमुखाच्या आधीच्या नोकरीची चौकशी हे वृत्तपत्र करत होते. घरातला छापा पाहिलेल्या वृत्तपत्राच्या ९८ वर्षांच्या सहमालकीण दुसऱ्या दिवशी मरण पावल्या. काही दिवसांतच काउंटीच्या सरकारी वकिलांनी पुरावा अपुरा असल्याचे सांगून जप्त वस्तू परत करायला लावल्या आणि ऑक्टोबरमध्ये प्रमुखाने राजीनामा दिला. छाप्याच्या अधिपत्रावर (वॉरंटवर) दंडाधिकाऱ्याची रीतसर सही होती, हेही नमूद करायला हवे. गावात सगळे सगळ्यांना ओळखत होते. अडचण नेमकी तीच होती.

प्रत्येक पोलीस प्रत्येकाला ओळखतो, या विधानाकडे आकडेमोडीने पाहिलेले बरे. अमेरिकेतल्या स्थानिक खात्यांपैकी सुमारे निम्म्या खात्यांत दहापेक्षा कमी पूर्णवेळ अधिकारी आहेत. आठवड्याचे तास १६८ आणि एका अधिकाऱ्याच्या कामाचे तास ४० धरले, तर रस्त्यावर अहोरात्र फक्त एक माणूस ठेवायलाही चाराहून अधिक माणसे लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि न्यायालयातल्या साक्षी धरल्या की हा आकडा पाचावर जातो. म्हणजे पाच जणांचे खाते असलेल्या गावात रात्री दोन वाजता एकटा अधिकारी गस्तीवर असतो आणि घरगुती मारहाणीसारख्या, दोघांनी मिळून जायच्या प्रसंगी त्याला शेजारच्या गावाकडे किंवा शेरीफकडे मदत मागावी लागते. अशा खात्यात प्रमुख स्वतः गस्त घालतो, गुन्ह्याचा तपास करायला वेगळा माणूस असेलच असे नाही, आणि नोंदी सांभाळणारी एकच कर्मचारी दंडाच्या पावत्यांपासून माहितीच्या अर्जांपर्यंत सगळे पाहते. तातडीचा फोन घेणारी माणसे तर पुष्कळदा गावात बसतच नाहीत, ती काउंटीच्या सामायिक केंद्रात असतात. (९११ या तातडीच्या क्रमांकावरचा पहिला फोन मात्र १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्याशा गावाच्या पोलीस ठाण्यातच घेतला गेला होता. छोट्या गावांचा हा मान कुणी हिरावून घेऊ नये.)

ओळख वाढायला माणूस टिकावा लागतो आणि तो पगारावर टिकतो. मिनेसोटातल्या गुडह्यू या तेराशेच्या आसपास वस्तीच्या गावात ऑगस्ट २०२३ मध्ये प्रमुखासह सगळ्या पोलिसांनी राजीनामे दिले. तासाला २२ डॉलर या दराने नवा माणूस मिळत नाही, असे प्रमुखाने नगरपरिषदेला आधीच सांगितले होते. पुढे गावाने शेरीफशी करार केला. आणि माणसे टिकली तरी ती गावाचीच असतील असे नाही : मिसुरीतल्या फर्ग्युसनमध्ये २०१४ च्या सुमारास दोन तृतीयांश लोकसंख्या कृष्णवर्णीय होती आणि ५४ अधिकाऱ्यांत कृष्णवर्णीय होते ४.

आता दंडाच्या पैशाविषयी. माझ्या मते या मजकुरातली सर्वांत घातक चूक इथेच आहे, कारण जे कारण प्रामाणिकपणाचे म्हणून सांगितले जाते तेच तिथे दुखण्याचे मूळ ठरले आहे. खात्याचा खर्च गावाच्या तिजोरीतून होतो, तिजोरी लहान असते, कर वाढवला तर मतदार रागावतात. मग उरतो तो महामार्गावरून जाणारा परका वाहनचालक किंवा गावातला आवाज नसलेला गरीब.

फर्ग्युसनमध्ये ऑगस्ट २०१४ मध्ये मायकेल ब्राऊन या तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला. त्यानंतर केंद्रीय न्याय खात्याने तिथल्या पोलीस खात्याची चौकशी केली आणि मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार सुमारे २१,००० वस्तीच्या या नगराने २०१० या आर्थिक वर्षात दंड व शुल्कातून १३.८ लाख डॉलर मिळवले होते, तर २०१५ च्या अंदाजपत्रकात हीच अपेक्षा ३०.९ लाखांवर गेली होती. पावत्या वाढवल्या नाहीत तर पुढच्या वर्षी वसुली वाढणे कठीण आहे, असे वित्त अधिकाऱ्याने पोलीस प्रमुखाला लेखी कळवले होते. केवळ २०१३ या वर्षात नगर न्यायालयाने ९,००० हून अधिक अटक अधिपत्रे काढली आणि त्यांतली पुष्कळशी वाहतूक, वाहन उभे करणे किंवा घराची निगा अशा किरकोळ प्रकरणांतली होती. यातल्या कुणी पैसा खिशात घातला असा अहवालाचा मुख्य आक्षेप नाही. पैसा गावातच राहिला. बिघडला तो पोलिसाच्या कामाचा उद्देश.

फर्ग्युसन तुलनेने मोठे होते. अलाबामातल्या ब्रुकसाइडची वस्ती साडेबाराशेच्या घरातली. तिथे २०१८ ते २०२० या काळात दंड आणि जप्तीचे उत्पन्न ६४० टक्क्यांहून अधिक वाढले आणि गावाच्या एकूण उत्पन्नाचा जवळपास निम्मा भाग झाले. बर्मिंगहॅमच्या पत्रकारांनी हे प्रकरण बाहेर काढल्यावर जानेवारी २०२२ मध्ये प्रमुखाने पद सोडले, आणि त्या वृत्तमालिकेला २०२३ चे स्थानिक वार्तांकनाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. फ्लोरिडातल्या सुमारे हजार वस्तीच्या वॉल्डोमध्ये तर तक्रार खुद्द पोलिसांनीच केली : बारा तासांच्या पाळीत बारा पावत्या फाडण्याची सक्ती होते, असे अधिकाऱ्यांनी २०१४ मध्ये नगरपरिषदेपुढे उभे राहून सांगितले. अशी सक्ती त्या राज्यात बेकायदा आहे. परिषदेने अखेर खातेच बंद केले. हा दोष नवाही नाही. मिसुरीतल्या मॅक्स क्रीक या काहीशे वस्तीच्या गावाच्या वसुलीमुळे त्या राज्याला १९९० च्या दशकातच वाहतूक दंडाच्या उत्पन्नावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला होता.

काढलेला अधिकारी परत येत नाही, हे विधान चुकीचे आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलँड शहरात तामीर राईस या १२ वर्षांच्या मुलावर गोळी झाडणारा अधिकारी त्याआधी ओहायोतल्याच इंडिपेंडन्स या छोट्या नगराच्या खात्यात होता. तिथल्या वरिष्ठांनी तो या कामाला योग्य नसल्याची नोंद केली होती आणि त्याने राजीनामा दिला होता. इथे छोट्या खात्याने आपले काम चोख केले. मोठ्या शहराने ती नोंद वाचलीच नाही. पण २०१७ मध्ये अर्जातल्या खोट्या माहितीसाठी त्याला क्लीव्हलँडने बडतर्फ केल्यावर २०१८ मध्ये ओहायोतल्या बेलेअरने आणि २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायोगाने त्याला नेमले. ही दोन्ही छोटी गावे. दोन्ही ठिकाणी लोक भडकल्यावरच त्याने माघार घेतली. ज्या खात्यात माणूसच मिळत नाही, तिथे प्रशिक्षित उमेदवाराचा पूर्वेतिहास खणण्याची इच्छा आणि सवड दोन्ही कमी असतात. पोलिसी कामाचे प्रमाणपत्र रद्द झालेल्यांची देशपातळीवरची यादी आहे, परंतु तीत नावे कळवणे ऐच्छिक आहे.

उरले संकटकाळचे विधान. टेक्सासमधले उव्हाल्डी हे सुमारे १५,००० वस्तीचे नगर. तिथे नगराचे पोलीस वेगळे, स्थानिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे छोटे पोलीस खाते वेगळे आणि काउंटीचा शेरीफ वेगळा. २४ मे २०२२ रोजी रॉब प्राथमिक शाळेत बंदूकधारी घुसला तेव्हा पोलीस खरोखरच काही मिनिटांत पोचले. नंतर येत येत त्यांची संख्या ३७६ झाली, त्यांत सीमा गस्तीचे आणि राज्य पोलिसांचेही लोक होते. तरीही वर्गाचे दार उघडून बंदूकधाऱ्याला मारेपर्यंत ७७ मिनिटे गेली. १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. हुकूम कोणी द्यायचा हे तिथे कुणी ठरवलेच नाही, हा चौकशी अहवालांचा मुख्य निष्कर्ष होता, आणि एकाच नगरात अनेक स्वतंत्र खाती असणे हे त्या गोंधळाच्या कारणांपैकी एक होते.

आता शेवटची सूचना. जवळची व्यवस्था नागरिकाला काही देते, हे मी नाकारत नाही; नगरपरिषदेच्या खुल्या बैठकीत उभे राहून प्रमुखाला जाब विचारता येतो, ही सोय लहान नाही. परंतु आदर्श म्हणून दाखवली जाणारी गावे स्वतः बराच काळ उलट दिशेने चालली आहेत. कॅलिफोर्नियातल्या लेकवुडने १९५४ मध्ये नगर म्हणून स्थापन होतानाच स्वतःचे पोलीस न ठेवता लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफशी करार केला आणि पुढे कित्येक नगरांनी तोच नमुना उचलला. पेनसिल्व्हेनियातही अनेक लहान स्थानिक संस्थांनी आपापली खाती मोडून सामायिक प्रादेशिक पोलीस दल उभे केले आहे, कारण पाच माणसांच्या खात्याचा विमा, प्रशिक्षण आणि तपासाचा खर्च त्यांना एकट्याने पेलत नव्हता.