फोन उचलला नाही म्हणून

"संस्था कसली, साधा फोन उचलत नाहीत." आमच्या भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरबद्दल हे सातारच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा वाचलं. खरं आहे. मी फोन उचलला नव्हता, कारण माझे दोन्ही हात शेऱ्या नावाच्या कुत्र्याच्या पोटाखाली होते.

शेऱ्याला सात महिन्यांपूर्वी हायवेवर गाडीने उडवलं. मणका मोडला, मागचे पाय गेले, लघवीवरचा ताबाही गेला. अशा कुत्र्याची लघवीची पिशवी हाताने रिकामी करावी लागते. मोसंब्याएवढी टम्म झालेली ती पिशवी पोटातून चाचपडत शोधायची आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू दाबत राहायचं. घाई केली की गडी अंग आखडतो, मग पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून तीनदा. एखादी वेळ चुकली की लघवी गढूळ होते, ताप चढतो, औषधं सुरू होतात. डॉक्टरांनी शिकवलं तेव्हा मला वाटलं होतं, आठ-दहा दिवसांचं काम आहे. भाच्याच्या लग्नात मुहूर्ताच्या आधी अर्धा तास मी शेल्टरवर होते, शालूवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून.

शेऱ्याला कुणी घरी नेणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्याच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती धडधाकट होऊनही इथेच अडकलेल्यांबद्दल.

आमची काळी बघा. तीन पायांची, चार वर्षांपासून इथे. दर शनिवारी दोन-तीन गाड्या येतात, लोक उतरून तिला तेल लावलेली पोळी घालतात, हात जोडतात, निघून जातात. शनीच्या उपायाला काळं कुत्रं लागतं, घरात मात्र नको! एकदा एक बाई जरा रेंगाळल्या. मला आशा वाटली. म्हणाल्या, "मादी आहे ना ओ? दर सहा महिन्यांनी कोण निस्तरणार?" म्हटलं, ऑपरेशन झालंय तिचं. "तरी नकोच." याउलट मागे कासच्या रस्त्यावर कुणीतरी सोडून दिलेला हस्की जातीचा विलायती कुत्रा आला, तर फोटो टाकल्यापासून दिवसभर फोन वाजत होता. वय आठ आहे आणि कातडीचा आजार आहे असं सांगायला लागलो, तसा फोन गप्प झाला. प्राणी असा सोडून देणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे बरं का. पहिल्या खेपेला दंड जास्तीत जास्त 50 रुपये. दोन वडापाव आणि एक चहा.

पिल्लांचं वेगळंच. मे महिन्यात पोरांना सुट्टी असते म्हणून नेतात आणि जूनमध्ये "शाळा सुरू झाली ओ ताई" म्हणून परत आणतात.

जागा अडली की नवीन जखमी कुत्र्याला नाही म्हणावं लागतं. गेल्या दीड महिन्यापासून आम्ही तसं म्हणतो आहोत आणि शिव्या खातो आहोत. पण शेल्टर हा दवाखाना आहे, वृद्धाश्रम नाही. 2023 च्या एबीसी, म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या, नियमांतसुद्धा नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रं उचललं तिथेच नेऊन सोडायचं, असंच आहे. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2025 मध्ये शाळा, दवाखाने, एसटी स्टँड अशा जागांची कुत्री हलवून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं, परत तिथे सोडायची नाहीत म्हणाले. तेव्हापासून शाळांचेही फोन येतात. कुठलं शेल्टर? आमच्याकडे पत्रे गळतात.

आता थोडं कडू बोलते. तुम्ही पिल्लू उचलून इथे आणता तेव्हा त्याला वाचवता असं वाटतं ना? लस न झालेल्या पिल्लासाठी शेल्टर ही गावातली सगळ्यात वाईट जागा असू शकते. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, फिनाइलला दाद देत नाही, ब्लीच लागतं, आणि मातीच्या अंगणाला ब्लीच किती मारणार? चार दिवस खेळणारं पिल्लू पाचव्या दिवशी रक्ताची हगवण करतं. मग रात्रभर सलाईन. कधी वाचतं, कधी नाही. ते तुमच्या पार्किंगमध्ये एका खोक्यात राहिलं असतं, तर कदाचित ही पाळीच आली नसती.

गोचीड तापाच्या गोळ्या साधारण 28 दिवस द्यायच्या असतात, भाताच्या घासातून गल्लीतही देता येतात. टीव्हीटीच्या, म्हणजे जननेंद्रियावर होणाऱ्या कॅन्सरच्या, गाठीला आठवड्याला एक इंजेक्शन, चार-सहा वेळा. डॉक्टर तुमच्या गेटपर्यंत येतात, कुत्रं त्या दिवशी धरून ठेवणारं माणूस तेवढं हवं. औषध आम्ही देतो. अळ्या पडलेली खोल जखम किंवा मोडलेलं हाड असेल तर मात्र आणा, जागा कशीही करू. प्लेट टाकायची असली तर खंबाटकी ओलांडून पुण्यालाही नेऊ.

बाकीच्यांसाठी फोन केलात, तर माझा पहिला प्रश्न असेल, "पंधरा दिवस तुमच्याकडे ठेवाल का?" बरेच जण इथे फोन ठेवतात. मागच्या आठवड्यात शाहूपुरीतल्या एका आजोबांनी ठेवला नाही. "जिन्याखाली जागा आहे, पण माझे गुडघे दुखतात, खाली बसून गोळी कशी देऊ?" असं विचारलं त्यांनी. पेढ्यात घालून, उभ्यानेच टाका, म्हटलं.

काल त्यांचा फोन आला, पेढे संपले म्हणून.