नाकी नऊ

माझ्या आत्याच्या नारायण पेठेतल्या वाड्यात आडाशेजारी कवठी चाफ्याचं झुडूप होतं. पुरुषभर उंच, बारा महिने हिरवं आणि दिवसा बघाल तर अगदी अरसिक. फुलं शाळेत अंगठे धरायला लावलेल्या पोरांसारखी माना खाली घालून उभी. रात्री मात्र तो वास जिना चढून माडीवर यायचा. आत्या एखादं फूल माठातल्या पाण्यात सोडायची आणि आम्ही तहान नसताना चार चार भांडी पाणी प्यायचो. पुढे आत्या गेली, वाडा गेला, आडाच्या जागी लिफ्ट आली. आणि पन्नाशीला टेकल्यावर मला एकदम तो वास हवासा वाटायला लागला. पन्नाशीत माणसाला काहीतरी होतंच. कोणी सायकल घेतो, कोणी दर रविवारी सिंहगड चढतो. मी गच्चीत कवठी चाफा लावायचं ठरवलं. सिंहगड स्वस्त पडला असता.

पहिली अडचण नावाची. मराठी माणसाला एखाद्या फुलाचा वास आवडला की तो त्याला चाफा म्हणून मोकळा होतो. सोनचाफा, देवचाफा, नागचाफा, हिरवा चाफा. भुईचाफा तर हळद-आल्याच्या घरातला, पण तोही चाफाच. घराजवळच्या नर्सरीत मी विचारलं, "हा कवठीच ना?" नर्सरीवाला म्हणाला, "साहेब, शंभर टक्के चाफा." हे उत्तर त्याने किती जपून दिलं होतं ते मला दोन वर्षांनी कळलं, कारण दोन वर्षांनी त्या झुडपाची वेल झाली. तिला आकडे फुटले. ती कठड्यावरून खाली उतरली आणि एका सकाळी खालच्या मजल्यावरचे काका दारात उभे राहिले.

"तुमच्या झाडानं माझा बनियन धरलाय."

तो हिरवा चाफा निघाला. कुळ सीताफळाचं, फुलाच्या देठालाच आकडा, त्या आकड्यांनी तो दिसेल ते धरून वर चढतो. आमचा खाली उतरला, एवढाच फरक. बनियन फाडूनच सोडवावा लागला आणि वेल सोसायटीच्या कुंपणाला दान केली.

या काकांबद्दल सांगायला हवं. सगळी नोकरी धरणाच्या कामावर झालेली. त्यामुळे गळतीकडे त्यांचं लक्ष आपोआप जातं. आमच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या गॅलरीत टपकतं, हे ते कधीही मोघम सांगत नाहीत. "काल संध्याकाळी अकरा थेंब," असं सांगतात. एकदा पावसाळ्यात मी म्हणालो, "काका, पाऊस होता हो." ते म्हणाले, "पावसाचे वेगळे धरलेत."

मग मी अभ्यासाला लागलो. कवठी चाफा म्हणजे मॅग्नोलिया. आणि मॅग्नोलिया हे नाव कुठून आलं, तर फ्रान्सातल्या माँपेलियेच्या पिएर मॅन्योल या वनस्पतिशास्त्रज्ञावरून. ते दिलं शार्ल प्लुमिए नावाच्या, वेस्ट इंडीजमध्ये झाडं धुंडाळत हिंडणाऱ्या एका पाद्र्याने, 1703 साली. आता गंमत बघा, आपल्या देवळाशेजारचा जो पांढरा देवचाफा, त्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया. ते या प्लुमिएवरून! म्हणजे आपण ज्यांना सख्खे भाऊ समजतो ते दोन चाफे शास्त्रात एकमेकांचे कोणी लागत नाहीत. त्यांच्या नावांचे मालक तेवढे ओळखीचे. सोनचाफा मात्र खरा नातेवाईक. त्याचं इतकी वर्षं मिशेलिया असं वेगळं घर होतं, आता शास्त्रज्ञांनी त्यालाही मॅग्नोलियात घेतलंय. हे सगळं मी बायकोला रात्री साडेअकराला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, झाड कधी आणताय?"

शेवटी सोलापूर रस्त्याने स्कूटर हाणत उरळी कांचनच्या नर्सऱ्या गाठल्या. या वेळी मी फसणार नव्हतो. कळी असलेलंच रोप घेईन, म्हणून अडून बसलो. कबुतराच्या अंड्याएवढी एक कळी, बाहेरून हिरवट. ही खूण बिनचूक. रोप पायांत धरलं आणि निघालो. हडपसरच्या पुलाखाली सिग्नलला कळी गळाली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून सांगितलं, "काका, तुमचं काहीतरी पडलं." चाक त्याचंच गेलं तिच्यावरून.

घरी आल्यावर मी मोबाईलवर मार्गदर्शन शोधलं, आणि इथे दुसरी चूक झाली. मॅग्नोलियावर जगात जे काही सांगितलं जातं ते बहुतेक थंड देशांतली माणसं सांगतात. इंग्लंडातल्या एक बाई लोकरीची टोपी घालून फार मायेने बोलत होत्या. त्यांच्याकडे याचं एक भावंड होतं, केळ्याच्या वासाच्या फुलांचं, सदाहरित. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीपाशी लावा, म्हणजे भिंतीची ऊब मिळेल. दंवाने कळ्या काळ्या पडतात, रात्री पांघरूण घाला. मी कुंडी दक्षिणेच्या भिंतीला टेकवली. मार्चमध्ये आमच्या गच्चीतली ती भिंत म्हणजे तवा असतो. पंधरा दिवसांत पानांचे पापड झाले. पांघरूण तेवढं घातलं नव्हतं.

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं, मातीत चुना नको. ते मी सोडून दिलं. माझ्या मातीत मी चुना कशाला घालीन? पण पुण्याच्या काळ्या मातीत तो असतोच, आणि आमच्या बोअरच्या पाण्यातही. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच रोज मी हौसेने चाफ्याला पाजत होतो. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं झालं. लोह मातीत असतं, पण चुन्यापुढे मुळांना ते उचलता येत नाही. भरल्या ताटावर उपाशी.

हे निदान फार उशिरा झालं. त्याआधी घरगुती उपाय झाले. मावशी म्हणाली ताक घाल. ऑफिसातल्या एकाने हिराकस सांगितलं. दूधवाल्याने गूळ. चहाचा चोथा कोणी सांगितला ते आठवत नाही, बहुधा तो मीच काढला. माणूस असता तर या आहारावर आठवड्यात गेला असता. झाड गेलं नाही, पण कुंडीत चिलटं झाली आणि आंबूस वास सुटला. आत्याच्या वाड्यातला नव्हे. त्यात दर रविवारी मी खुरप्याने थोडी माती उकरून मुळं बघायचो. या जातीची मुळं मांसल आणि ठिसूळ, त्यांना हलवलेलं अजिबात खपत नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाचे टाके उसवून बघण्यातलाच प्रकार.

मग तांबडी माती आणि भरपूर कुजलेला पाला घालून कुंडी एकदाच नीट भरली, वर हिरवी जाळी ताणली आणि खुरपं बायकोने लपवलं. बोअरचं पाणी बंद केलं. नळाचं, पिण्याचं पाणी सुरू केलं. पुढे एका गुरुवारी पाणी नव्हतं, तेव्हा पिंपातल्या शेवटच्या तांब्यावर पाहुण्यांचा हक्क की चाफ्याचा, यावर घरात चर्चा झाली. पाहुण्यांना सरबत मिळालं नाही.

चौथ्या वर्षी मे महिन्यात कळी आली.

मी रोज रात्री खुर्ची टाकून बसायला लागलो. हे फूल संध्याकाळनंतर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या गाळून मोकळं होतं, म्हणजे चुकलं की चुकलं. या घराण्याचा रिवाज मधमाश्या जन्मायच्या आधीपासूनचा, त्यामुळे परागकण पोचवायची भिस्त भुंगेऱ्यांवर. एक काळा भुंगेरा दोन रात्री माझ्या शेजारी येऊन बसलाही. आम्ही बोललो नाही. तिसऱ्या रात्री वळवाचा पाऊस आला. कळीला मार लागू नये म्हणून मी छत्री घेऊन गेलो, आणि छत्री कळीवर धरून अर्धा तास उभा राहिलो. छत्री एकच होती.

दुसऱ्या दिवशी नाक चोंदलं. संध्याकाळी मी टॉवेल डोक्यावर घेऊन वाफारा घेत होतो, तेव्हा बाहेरून बायकोचा आवाज आला, "अगंबाई!" मी तसाच धावलो. फूल उमललं होतं. पांढरं, जाड पाकळ्यांचं, मान खाली. मी गुडघे टेकून नाक लावलं. बामाचा वास आला.

सकाळी बेल वाजली. काका. हातात स्टीलची वाटी.

"तुमच्याकडचं पडलं होतं. नऊ आहेत. सहा पांढऱ्या, तीन हिरवट. मोजल्यात."

मी वाटी घेतली. ते गेले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "काल आमच्याकडे कोणालाच लवकर झोपावंसं वाटेना. गॅलरीतच बसलो होतो. तुमच्या गच्चीत तर काय, राहवलंच नसेल."

मी शिंकलो.

वाऱ्याचं काय असेल ते असो, या फुलाचा वास आमच्या गच्चीत थांबत नाही. पुढची कळी आठ दिवसांनी उमलली, नाक मोकळं होतं, तरी वर नुसती चाहूल. खत माझं, पाणी माझं आणि वास खालच्या मजल्याला! कुंडी हलवावी म्हटलं, तर मुळांना चालत नाही. काकांनीच खालून हाक मारली, "अहो, या खाली. खुर्ची मांडलीय."

गेलो. गॅलरीत दिवा घालवलेला. काकू काही बोलत नव्हत्या, काकाही नाहीत. आणि मग तो आला, थेट माडीवरचा, माठातल्या पाण्याचा. मी डोळे मिटले. तेवढ्यात टाळूवर गार काहीतरी पडलं. वर बायको कुंडीला पाणी घालत होती.

"एक," काका अंधारात म्हणाले.