‘आमच्या गावातून एकही तक्रार नव्हती’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लॉकडाऊनमध्ये बायकांनी नवऱ्यांकडून खाल्लेल्या मारावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं : तुम्ही दापोली तालुक्यातले, 2020 साली गावच्या कोरोना कृती दलात होतात. त्या काळात गावातून एकही तक्रार आली नाही, दारूची दुकानंही बंद होती. म्हणजे मी शहरातलं चित्र कोकणावर लादतेय आणि चाकरमान्यांना बदनाम करतेय.

चाकरमान्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. मुंबईची माणसं आली आणि मारहाण सुरू झाली, अशा अर्थाचं वाक्य लेखात होतं, ते मी काढलंय. हात उचलणाऱ्यांत कधीच गाव न सोडलेलेही होते. शाळेत चौदा दिवस काढून, गावाच्या नजरा सोसून घरी पोचलेल्यांचे हाल मीही पाहिलेत.

दारूचं मात्र पटत नाही. राष्ट्रीय महिला आयोगाकडे 27 फेब्रुवारी ते 22 मार्च या काळात घरगुती हिंसाचाराच्या 123 तक्रारी आल्या होत्या. 23 मार्च ते 16 एप्रिलमध्ये त्या 239 झाल्या. दुकानं उघडायला लागली 4 मेपासून. आकडा जवळपास दुप्पट झाला तो दुकानांना कुलूप असताना. आणि गरीब घरच्या बायका तक्रारी टपालाने पाठवतात, त्या पोचतच नाहीयेत, हे आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्ष रेखा शर्मा यांनीच सांगितलं होतं.

आता तुमच्या गावाचं. तक्रार येणार कुठून? आपल्याकडची बाई मार खाल्ला की पोलिसात जात नाही, माहेरी जाते. आई फार विचारत नाही. चार दिवसांनी भाऊ पोचवायला येतो, खळ्यात उभा राहून भावोजींशी दोन शब्द बोलतो, आणि पुढचे काही महिने बरे जातात. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पण तिच्याकडे तेवढंच होतं, आणि तेच बंद झालं. एसटी बंद. जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास. वाडीच्या तोंडाशी आडवे बांबू. ते रोगासाठी होते, गरजेचे होते, पण भाऊ त्याच वाटेने यायचा. बाजार नाही, बचत गटाची बैठक नाही. घरात फोन एक, तोही नवऱ्याच्या खिशात. 3 जूनला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर तुमच्याच तालुक्यात किती दिवस वीज आणि रेंज नव्हती ते तुम्ही माझ्याहून चांगलं सांगाल. मदतीचा नंबर 181, पण तो लावायचा कशावरून?

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. मे महिना, रातांबे फोडायचे दिवस. शेजारच्या वाडीतली एक जण कोकमं वाळत घालत होती. हात मनगटापर्यंत लाल. दंडावरही डाग होते, चार, एकाखाली एक. मी बघतेय हे पाहून म्हणाली, “रातांब्याचो डाग आसा गो, जातलो.” दुसऱ्या दिवशी हात धुऊन स्वच्छ झाले होते आणि दंडावरचे चार डाग जांभळे पडले होते. मागून धरलेल्या बोटांचे होते ते.

तिला विचारून मी पोलिस ठाण्यात फोन केला. “लॉकडाऊन संपू दे, मग घेऊन या त्यांना,” एवढंच उत्तर मिळालं. नोंद झाली नाही. तुमच्यासारख्याच एखाद्या कृती दलाच्या वहीत तिचं गावही ‘तक्रार नाही’ म्हणूनच गेलं असणार.

2005 च्या कायद्याने तिला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, मारणाऱ्यालाच बाहेर राहायचा आदेश न्यायालय देऊ शकतं. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “आणि तो आदेश घेऊन इथे येणार कोण?” मला उत्तर देता आलं नाही.

महासाथ नसतानाही बायका बोलत नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या दर शंभर बायकांमधल्या 77 जणींनी मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. सर्वेक्षणवाल्या बाईंनी एकांतात विचारलं तेव्हा त्या बोलल्या. तुमच्या दलात किती बायका होत्या? आणि कुणी कुणाला एकटीला गाठून विचारलं होतं का? हे तुम्हाला बोल लावायला नाही विचारत, खरंच विचारतेय.

शेजारच्या वाडीतल्या त्या बाईचं माहेर देवगडकडे, म्हणजे सिंधुदुर्गात, सासर रत्नागिरी जिल्ह्यात. 20 ऑगस्टला जिल्ह्याबाहेरची एसटी सुरू झाली, 22 ला गणपती. मखर अर्धं झालेलं, मूर्ती आणायची बाकी. ती धाकट्याला घेऊन गाडीत बसली. गणपतीच्या तोंडावर कोकणातली सून घर सोडते म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. मार्च ते ऑगस्ट त्या घरात काय चाललं होतं ते वाडीत कुणी बोलत नाही. सून गणपती टाकून गेली, हे मात्र अजून बोलतात.