‘जुलाब झाले म्हणजे पोट साफ झालं’ म्हणे!

आमच्या मालवण-कुडाळकडच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मेसेज फिरतोय. कुत्र्याच्या पिल्लाचं खाणं बदलायचं तर एका दिवसात बदला, जुनं-नवं मिसळून देण्याचं खूळ कंपन्यांनी काढलंय. जुलाब झाले तर आतली घाण निघतेय असं समजा. नवं खाल्लं नाही तर दोन दिवस उपाशी ठेवा, झक मारत खाईल. आणि शेवटी नेहमीची पुस्ती: गावच्या कुत्र्यांना कोण मोजून घालतं?

कंपन्यांचं आधी संपवतो. जुनी पिशवी संपेपर्यंत मिसळून घाला म्हटल्याने कुठल्या कंपनीचं भलं होणार? आणि हे शहाणपण कंपन्यांच्या आधीपासून आपल्या गोठ्यात आहे. उन्हाळाभर पेंढा खाल्लेली गुरं पहिल्या पावसानंतर कोवळ्या गवतावर तुटून पडली की शेण पातळ होतं, हे ज्याच्या घरी एक गाय आहे त्यालाही ठाऊक असतं. पोटातले जिवाणू जुन्या चाऱ्याला सरावलेले असतात, त्यांना नव्याची सवय व्हायला दिवस लागतात. पिल्लाचं आतडं तर अजून धड तयारही झालेलं नसतं.

म्हणून साधारण 7 ते 10 दिवस धरायचे. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. शी पातळ झाली तर एक पायरी मागे. पिल्लू नुकतंच घरी आणलं असेल तर आधी काही दिवस तिथलंच खाणं चालू ठेवा. आई सुटली, घर बदललं, त्यात ताटही बदलू नका. काही पिल्लं एकदम बदललेलं पचवतात, हे खरं. पण आपलं त्यातलं आहे की नाही, हे जुलाब झाल्यावरच कळतं.

आता ‘घाण निघते’ हा मुद्दा. यातूनच पिल्लं दगावतात. न पचलेलं अन्न आतड्यात पाणी ओढून घेतं, म्हणजे बाहेर जातं ते पिल्लाच्या अंगातलं पाणी. दोन-तीन किलोच्या जिवात ते असतं किती? मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती सावकाश खाली बसली, हिरड्या चिकट लागल्या, तर दवाखाना गाठायचा. त्यात उलट्या, मलूलपणा किंवा शीमध्ये रक्त दिसलं आणि लसी पूर्ण नसल्या, तर पार्वो या जीवघेण्या विषाणूच्या आजाराची शंका आधी घ्यायची. तेव्हा ‘खाणं बदललं ना, म्हणून असेल’ असं म्हणत घालवलेली एक रात्रही महाग पडते. घरातल्या माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका.

उपाशी ठेवण्याबद्दल एवढंच: लहान पिल्लाची रक्तातली साखर उपासाने झपाट्याने उतरते, थरथरतं, कोसळतं. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा लागतं. हट्टाची परीक्षा मोठ्या कुत्र्यावरही घेऊ नये.

‘कुत्र्याक कसले रे एवढे लाड?’ असं शेजारची काकीही म्हणते, प्रेमानेच. पण गावची कुत्री रोज वेगळं खातात, त्यांचं पोट फेरबदलाला सरावलेलं असतं. शिवाय आपल्याला दिसतात ती जगलेली. गेलेली पिल्लं कोण मोजतं? काकीचा भात आणि बांगड्याचं सारही वाढत्या पिल्लाला पुरत नाही, भातात कॅल्शियम नावापुरतं. सारात कांदा-लसूण, तो कुत्र्यांना विषारी. सुक्या मासळीत मीठ. काटे काढलेला उकडलेला मासा थोडा चालेल.

मेसेजमध्ये नसलेली, पण आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट वेगळीच आहे. पापड सादळतो तसं पावसात कोरडं खाणंही सादळतं, बुरशी धरतं. गेल्या श्रावणात आमच्या पिल्लाची शी बिघडली आणि मी दोन दिवस नव्या खाण्याला शिव्या घालत होतो. मग जुन्या पिशवीच्या तळाशी हात घातला, तर दाणे बोटांना चिकटत होते आणि कुबट वास येत होता. आता जून ते सप्टेंबर लहानच पिशवी आणतो आणि ती पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. ती जुनी परसात खड्डा करून पुरली. काकी कोंबड्यांना मागत होती, पण बुरशीचं विष त्यांनाही बाधतं, म्हणून दिली नाही.